खोलीतले झाड का सुकते?

नाशिकच्या गोदाकाठावर चालताना घाटांच्या आणि जुन्या देवळांच्या दगडी भिंतींकडे लक्ष द्यावे. कुठल्या तरी फटीत पिंपळाचे किंवा नांद्रुकाचे हातभर उंचीचे झाड दिसते. मूठभरही माती नसते, पाणी कोणी घालत नाही, खत तर दूरच. मे महिन्यात तो दगड हाताला चटका देतो, तरीही झाड जिवंत असते. उलट, शहरातल्या एखाद्या दिवाणखान्यात हजारो रुपये खर्चून आणलेले, रोज निगुतीने पाणी घातलेले बोन्साय सहा महिन्यांत मान टाकते. असे का व्हावे?

हा प्रश्न आमच्यासमोर आला तो नाशिकमधल्या एका शाळेमुळे. शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी वाड्याच्या भिंतीतून उपटून आणलेले नांद्रुकाचे रोप वीस-बावीस वर्षे उथळ कुंडीत वाढवले होते. निरोप घेताना त्यांनी ते शाळेला दिले. मुख्याध्यापकांच्या खोलीत, कपाटावर, मानाच्या जागी ते ठेवले गेले. शेजारी कोणीतरी भेट दिलेले जुनिपरचेही एक बोन्साय होते. वर्षभरात नांद्रुकाची पाने पिवळी पडून गळू लागली. आम्ही गेलो तेव्हा शाळेत सर्वांचे एकच मत होते : शिपाईमामा पाणी नीट घालत नाहीत. मामा बिचारे सांगत होते, "सर, एक दिवस चुकवला नाही हो मी. रविवारीसुद्धा येऊन घातलंय." त्यांचे म्हणणे कोणी मनावर घेत नव्हते.

झाडाला काय झाले होते हे सांगण्याआधी, ते आपल्याला कळते कसे, याचा इतिहास पाहू. कारण शाळेतल्या मंडळींनी जी चूक केली, तीच चूक विज्ञानातल्या मोठमोठ्या माणसांनीही केलेली आहे, आणि ती दुरुस्त होण्यातूनच आजचे वनस्पतिशास्त्र उभे राहिले आहे.

लक्षणे जुनीच

आजारी झाडाची लक्षणे लिहून ठेवण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदावर एक अध्याय लिहिला. थंडी, वारा व ऊन यांमुळे झाडांना रोग होतात आणि मग पाने फिकट पडतात, अंकुर वाढत नाहीत, फांद्या सुकतात, रस पाझरतो, असे तो सांगतो. यावर त्याचा पहिला उपचार म्हणजे बिघडलेला भाग शस्त्राने काढून टाकणे. झाडे फार जवळ लावू नयेत, मुळे एकमेकांत गुंतली की ती नीट फळत नाहीत, हेही त्याने नोंदले आहे.

पुढे सुरपालाने 'वृक्षायुर्वेद' नावाचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्याचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होते. डॉ. य. ल. नेने यांनी त्याची प्रत मिळवली, डॉ. नलिनी साधले यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि १९९६ साली ते सिकंदराबादहून प्रसिद्ध झाले. माणसाप्रमाणेच झाडांचेही रोग वात, पित्त व कफ यांत विभागण्याचा प्रयत्न या ग्रंथात आहे.

या ग्रंथांतील निरीक्षणे बारकाईची आहेत. परंतु लक्षण ओळखणे आणि कारण सापडणे यांत अंतर असते. पिवळे पान पाणी कमी पडल्यानेही होते आणि जास्त झाल्यानेही. नुसत्या डोळ्यांनी दोहोंतला फरक करणे अवघड. त्यासाठी तराजू लागतो.

तराजू घेऊन बसलेली माणसे

सतराव्या शतकात आजच्या बेल्जियममध्ये यान बाप्टिस्टा फान हेल्माँट या वैद्याने कुंडीत एक झाड लावले. झाड विलोचे, वजन ५ पौंड. कुंडीतली वाळवलेली माती २०० पौंड. पाच वर्षे त्याने फक्त पाणी घातले. शेवटी झाडाचे वजन भरले १६९ पौंड आणि सुमारे ३ औंस, म्हणजे जवळजवळ ७७ किलो. मातीचे वजन मात्र सुमारे २ औंसांनीच, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅमने घटले होते. त्याने निष्कर्ष काढला की, झाड पाण्यापासूनच बनते. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झाला.

प्रयोग उत्तम, निष्कर्ष चुकीचा. हवा आणि प्रकाश यांचा त्याने विचारच केला नाही. पण त्याला हसण्याचे कारण नाही. "झाड सुकते आहे ना, मग पाणी घाला" असे म्हणणारे आपण सर्वजण आजही मनातून हेल्माँटचेच शिष्य असतो.

दुसरा तराजूवाला इंग्लंडमधला धर्मोपदेशक स्टीफन हेल्स. त्याने कुंडीतल्या सूर्यफुलाच्या मातीवर शिशाचा पत्रा बसवला, म्हणजे पाणी बाहेर जाईल ते फक्त झाडातून. मग सकाळ-संध्याकाळ कुंडी तोलली. सुमारे साडेतीन फूट उंचीचे ते सूर्यफूल दिवसाला सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या किलोहून अधिक पाणी हवेत सोडत होते. रात्री मात्र हे प्रमाण अगदी कमी होई. १७२७ साली हेल्सने हे सारे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

या निरीक्षणातून आपल्याला हवा असलेला एक दुवा मिळतो. पाणी उपसण्याचे काम मुख्यत्वे पाने करतात, आणि तेही उजेडात. उजेड मिळाला की पर्णरंध्रे उघडतात व बाष्पोत्सर्जन सुरू होते. अंधाऱ्या खोलीत झाड पाणी फारसे ओढतच नाही. अशा झाडाला बाहेरच्या झाडाइतके पाणी रोज घातले तर ते जाणार कोठे? कुंडीतच साचणार.

पुदिन्याचे कोडे

१७ ऑगस्ट १७७१ रोजी इंग्लंडमधल्या लीड्स येथे जोसेफ प्रीस्टले याने एका बंद भांड्यातल्या हवेत मेणबत्ती विझेपर्यंत जळू दिली आणि त्याच हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. दहा दिवसांनी, २७ तारखेला, त्या हवेत दुसरी मेणबत्ती छान जळली. झाडे बिघडलेली हवा शुद्ध करतात, हा शोध म्हणून गाजला. प्रीस्टलेला मानाचे कॉप्ली पदक मिळाले.

पण अनेक पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट इथेच संपते, आणि खरी मौज तर पुढेच आहे. हा प्रयोग सर्वांना साधेना. स्वीडनमध्ये शीले याला तर झाडे हवा बिघडवतात असेच दिसले. खुद्द प्रीस्टलेलाही पुढे कधी होकार, कधी नकार मिळू लागला. तेच झाड, तेच भांडे, तीच मेणबत्ती आणि उत्तरे मात्र दोन!

हे कोडे सोडवले डच वैद्य यान इंगेनहाउस याने. १७७९च्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या एका घरात राहून त्याने ५००हून अधिक प्रयोग केले. त्याला आढळले की, हवा सुधारण्याचे काम झाडाचे फक्त हिरवे भाग करतात, आणि तेही सूर्यप्रकाशातच. काम प्रकाशाचे आहे, उष्णतेचे नव्हे. रात्री आणि दाट सावलीत तेच झाड आपल्यासारखेच हवा बिघडवते. म्हणजे आधीच्या प्रयोगांत कोणी खोटे बोलत नव्हते. भांडे खिडकीत होते की कोपऱ्यात, एवढाच फरक होता, आणि तो कोणी नोंदलाच नव्हता.

शाळेतल्या कपाटावरच्या नांद्रुकाचे कोडे नेमके हेच होते. त्याला आजच्या भाषेत असे मांडता येईल : झाड चोवीस तास श्वसन करते, म्हणजे साठवलेले अन्न खर्च करते. प्रकाशसंश्लेषणाने ते अन्न मिळवते ते फक्त उजेडात. उजेड एका मर्यादेखाली गेला की मिळकतीपेक्षा खर्च जास्त होतो. फांद्यांत आणि मुळांत साठवलेल्या शिलकीवर झाड काही महिने तग धरते. म्हणूनच दुकानातून आणलेले बोन्साय पहिले काही महिने टवटवीत दिसते आणि मग 'अचानक' सुकते. ते अचानक नसते. शिल्लक संपलेली असते.

आपला डोळा फसवतो

खोलीत तर चांगला उजेड होता, असे मुख्याध्यापक म्हणाले. ते खरेच होते, पण डोळ्यापुरते. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे १,००,००० लक्स असते. पावसाळी ढगाळ दिवशीही ती हजारोंच्या घरात असते. खोलीतल्या कोपऱ्यात मात्र ती १००-२०० लक्स भरते, म्हणजे पाचशे ते हजार पटींनी कमी. डोळ्याची बाहुली मोठी होते, दृष्टिपटल जुळवून घेते, आणि आपल्याला दोन्हीकडे वर्तमानपत्र वाचता येते. पानाला अशी जुळवाजुळव फारशी करता येत नाही. त्याला प्रकाश हा पाहण्यासाठी नव्हे, पोटासाठी लागतो.

मग खोलीत दिवा लावला तर? या प्रश्नावर आपल्या मुंबईत काम झालेले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. फोर्टमधल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रा. आर. एच. दस्तूर यांनी १९२०च्या दशकात पानातील पाण्याचे प्रमाण आणि प्रकाशसंश्लेषण यांचा संबंध अभ्यासला. १९३०च्या दशकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नैसर्गिक आणि कृत्रिम प्रकाशात पानात तयार होणाऱ्या पदार्थांची तुलना केली. तारेच्या विजेच्या दिव्यात निळ्या-जांभळ्या किरणांचा वाटा फार कमी असतो, आणि या किरणांना पानाच्या कामात महत्त्व आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. १९७२ साली मॅक्री याने पिकांच्या २२ जातींवर मोजमापे करून दाखवले की, पान तांबडा, निळा आणि बऱ्याच अंशी हिरवा प्रकाशही वापरते. निळ्या किरणांचा परिणाम झाडाच्या ठेवणीवर व पर्णरंध्रांवर होतो, हेही आता माहीत आहे. आजच्या एल.ई.डी. दिव्यांनी खोलीत झाडे वाढवता येतात, पण दिवा जवळ हवा आणि रोज १०-१२ तास हवा. छतावरचा एक दिवा पुरत नाही.

याच काळाच्या थोडे आधी, १९०५ साली, केंब्रिजच्या एफ. एफ. ब्लॅकमन याने मर्यादक घटकाचे तत्त्व मांडले होते. एखादी क्रिया अनेक गोष्टींवर अवलंबून असेल, तर तिचा वेग त्यांतली सर्वांत तुटपुंजी गोष्ट ठरवते. प्रकाश कमी पडत असेल तर पाणी वाढवून उपयोग नाही, खत वाढवूनही नाही. पोळ्यांना कणीक नसताना चुलीत लाकडे सारत राहण्यासारखेच ते. शाळेत तेच झाले होते. झाड सुकते म्हणून पाणी वाढवले. तरी सुकते म्हणून विज्ञानाच्या सरांनी रासायनिक खत घातले. दुबळ्या मुळांभोवती क्षार वाढले आणि उरलेली पानेही गळाली.

मुळांनाही हवा लागते

आम्ही कुंडी उचलली तेव्हा ती विलक्षण जड लागली. खालच्या ताटलीत पाणी साचलेले होते. कुंडीची भोके काळ्या चिकण मातीने बुजली होती आणि मातीला कुजका वास येत होता.

मुळे जिवंत असतात, तीही श्वसन करतात. चांगल्या मातीत कणांमधल्या पोकळ्यांतून त्यांना ऑक्सिजन मिळतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की संपलेच, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो. मुळे गुदमरतात, कुजतात, आणि मग गंमत अशी होते की, भोवती पाणीच पाणी असूनही झाड तहानेने कोमेजते. पाहणारा म्हणतो, पाणी कमी पडले. तो आणखी घालतो.

या विषयातले एक मोठे काम भारतातच झाले. बिहारमधल्या पुसा येथे आल्बर्ट हॉवर्ड आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने जमिनीत हवा खेळती असण्याचे महत्त्व वर्षानुवर्षे तपासले. फळझाडांखाली गवत माजले की झाडे खंगतात, हे माळ्यांना माहीत होते. हॉवर्ड यांनी काही झाडांखाली गवत वाढू दिले, काहींखालची जमीन स्वच्छ ठेवली, आणि काहींखाली गवत असतानाच जमिनीत हवेसाठी चर ठेवले. चर असलेल्या झाडांना गवताचा त्रास कमी झाला. म्हणजे गवत केवळ अन्नपाणी पळवत नव्हते, ते मुळांची हवाही तोडत होते. हे काम १९२५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केले.

आणि दस्तूर यांचे पुढचे काम? पंजाबात अमेरिकन कापसाची बोंडे नीट उमलत नसत. शेतकरी याला 'तिडक' म्हणत. हा एखाद्या जंतूचा रोग असावा असे वाटणे साहजिक होते. दस्तूर यांनी दाखवले की, हलक्या जमिनीत नत्राची उणीव आणि काही ठिकाणी खालच्या थरातले क्षार ही त्याची मुळे आहेत. रोग पानाबोंडांवर दिसत होता, कारण मातीत होते.

बोन्साय हे घरातले झाड नव्हे

आता मूळ गैरसमजाकडे येऊ. लहान झाड, सुंदर कुंडी, म्हणून ते घरात ठेवायचे, असे आपण धरून चालतो. ही कला चीनमधून जपानात गेली. चीनमधल्या राजपुत्र झांगहुआय याच्या इ.स. ७०६च्या थडग्यातल्या भित्तिचित्रात, तबकात लहान झाडे घेतलेले सेवक दिसतात. जपानी परंपरेत बोन्साय बाहेर, मांडणीवर, ऊनवाऱ्यात वाढवतात. पाहुणे यायचे असले की ते घरातल्या खास कोनाड्यात थोड्या काळापुरते मांडतात आणि पुन्हा बाहेर नेतात. आपण कला घेतली, पण ते 'पुन्हा बाहेर नेणे' घ्यायचे विसरलो.

ही झाडे नाजूक असतात, हाही गैरसमजच. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडे १६२५ सालापासून वाढवलेले एक पाइनचे बोन्साय होते. ६ ऑगस्ट १९४५ला अणुबॉम्ब पडला तेव्हा ते स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर, बागेच्या भिंतीआड होते. ते वाचले. १९७६ साली मासारु यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिले. या झाडाने काय सोसले आहे, हे तिथल्या लोकांना कळले ते २००१ साली, यामाकींचे नातू ते पाहायला गेले तेव्हा. अणुबॉम्बमधून वाचलेले हे झाड आपल्या दिवाणखान्यातल्या टी.व्ही.शेजारी मात्र बहुधा वर्ष काढणार नाही.

नांद्रुकाचे पुढे काय झाले

आम्ही प्रथम नखाने फांदीची साल किंचित खरवडली. खाली हिरवा थर दिसला, तर फांदी जिवंत. तपकिरी व कोरडा दिसला, तर मेलेली. नांद्रुकाचा बुंधा आणि सुमारे निम्म्या फांद्या जिवंत होत्या. जुनिपर मात्र वरून हिरवे दिसत असूनही आतून पूर्ण वाळले होते. सूचिपर्णी झाडे मेल्यावरही काही आठवडे हिरवी राहतात. त्याबाबतीत आम्हाला काहीच करता आले नाही.

जून महिना होता, पहिला पाऊस झाला होता. नांद्रुकासारख्या उष्ण प्रदेशातल्या झाडाची कुंडी बदलायला हा काळ चांगला. काळी, मऊ, वास मारणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापली. घट्ट, फिकट रंगाची ठेवली. चिकण माती काढून विटांचा चाळलेला चुरा, जाड वाळू आणि थोडे पानांचे खत असे मिश्रण भरले. भोके मोकळी केली, त्यांवर जाळी ठेवली. ताटली काढून टाकली. खत बंद.

मग झाड व्हरांड्यात पूर्वेकडे नेले. थेट उन्हात नाही. सावलीत तयार झालेली पाने एकदम कडक उन्हात करपतात. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू सकाळचे ऊन वाढवले. पाण्याचा नियम एकच : बोट पेराएवढे खुपसायचे, कोरडे लागले तर भरपूर पाणी घालायचे, ओले लागले तर परत फिरायचे. घड्याळ पाहून पाणी घालायचे नाही.

पहिले काही आठवडे काहीच दिसेना. एक-दोन जण झाड टाकून द्या म्हणाले. पाचव्या आठवड्यात बुंध्यावर लालसर टोकाचा एक कोंब दिसला, तो मामांना. ते वर्ग चालू असतानाच सांगायला आले. दिवाळीपर्यंत झाडावर नवी, आखूड पेरांची पाने आली. एका बाजूच्या फांद्या मात्र कायमच्या गेल्या.

तेव्हा बोलताबोलता मामांनी सांगितले की, आधी ते दर शनिवारी दुपारी झाड गच्चीत नेत आणि सोमवारी आत आणत. निवृत्त बाईंनी तसे सांगितले होते. खोलीला नवे पडदे लागले, ने-आण नको असे ठरले, आणि त्यांनी ते थांबवले. झाडाचा ऱ्हास तेव्हापासूनचा. ज्यांच्यावर ठपका होता त्यांनाच कारण माहीत होते, पण त्यांना कोणी विचारले नव्हते. इंगेनहाउसची गोष्ट पुन्हा एकदा घडली होती : भांडे कोठे ठेवले होते, ही नोंदच कोणी घेतली नाही.

वर्गात करून पाहा

शिक्षकमित्रांना यातून तीन सोपे प्रयोग करता येतील. पहिला : एकाच जातीची, सारख्याच कुंडीतली दोन रोपे घ्यावीत. मातीवर प्लॅस्टिकचा कागद बांधावा, एक खिडकीत आणि एक कपाटावर ठेवावे, आणि आठवडाभर रोज तोलावे. हेल्सचा तराजू मुलांच्या हाती येतो. दुसरा : दोन्हींची पाने गरम अल्कोहोलमध्ये विरंजित करून आयोडिनने तपासावीत, अल्कोहोल थेट ज्योतीवर न तापवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावे. तिसरा : मोबाइलमधल्या प्रकाशमापकाने शाळेतल्या वेगवेगळ्या जागांचे लक्स मोजून नकाशा तयार करावा. मोबाइलचा आकडा अचूक नसतो, पण व्हरांडा आणि कोपरा यांतली तफावत तो स्पष्ट दाखवतो. नाशिकच्या हिवाळ्यात पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा आणि एप्रिल-मेच्या कडक उन्हाळ्यात हेच प्रयोग पुन्हा केले, तर ऋतूंचा फरकही कळेल.

नांद्रुक आता शाळेच्या पूर्वेकडच्या व्हरांड्यात असते. स्नेहसंमेलनाला दोन दिवस आत येते आणि परत जाते. त्याच्या शेजारी मामांनी एक वही टांगली आहे. पाणी कधी घातले, ऊन किती तास आले, नवे पान कधी फुटले, हे आठवीची मुले त्यात लिहितात.